पंखाचा पत्रा

रविवारच्या एका दुपारी मी विमानाच्या पंखाचा आख्खा पत्रा नासवला. नव्वदचं दशक सरत आलं होतं, मी चाळिशी ओलांडलेली. शिरोलीच्या फाउंड्रीत सोळा वर्षं काढल्यामुळे धातूतलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा, या बाईसाहेबांचा, तोरा.

उचगावात आमच्या घरामागच्या शेडमध्ये धाकटे दीर दोन माणसांचं विमान बनवत होते. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या खिळ्यांसाठी भोकं पाडली की कडेला बर, म्हणजे धातूची धारदार किनार, राहते. ती काढायला जाड ड्रिल बिट नुसतं बोटांत धरून भोकात हलकेच फिरवायचं. दीर म्हणाले, "वैनी, ह्ये तुमीच करा. बायकांचं हलकं काम हाय."

हलकं काम म्हणे. माझं डोकंच फिरलं. त्यांची पाठ वळताच बिट मशीनला लावलं आणि चारशे भोकं घुर्रघुर्र करून टाकली. सगळ्या भोकांची तोंडं नरसाळ्यासारखी झाली, आणि ही शहाणी ती सफाई बघून खूश. वर फडक्यानं पुसूनही ठेवला पत्रा.

संध्याकाळी दिरांनी तो उजेडाकडे धरला. कडा कागदासारख्या पातळ झालेल्या. रिव्हेटला धरायला जागा नाही, हादऱ्यानं इथूनच चीर जाणार, हे त्यांनीच सांगितलं. मी मान खाली घातली. तर पुढे म्हणतात, "आसू दे. पत्रा मिळायला आठ म्हैनं लागल्यात. थोरला रिव्हेट घालून बशिवतो. आतलं कोण बघतंय?"

"आन् फाटला म्हंजे?"

"फाटत न्हाय वो."

"आत्ताच म्हणालासा की चीर जाणार."

"तुमाला काय कळतंय त्यातलं?"

त्यांच्या शेजारी पहिली बसणार होती माझी जाऊ. वर गार असतं म्हणून तिनं स्वेटर विणायला घेतलेला. माझ्या चुकीवर मी गप्प होते. पण चूक माहीत असून त्याच पंखाच्या भरवशावर बायकोला बसवायला निघालेला माणूस बघून अंगाची लाही झाली. आजही होते. पत्रा कापायची कात्री उचलली आणि तो पत्रा मधोमध कापला.

"बशिवा आता," म्हटलं.

आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही नाही. जावेला कुणीच काही सांगितलं नव्हतं. ती बिचारी आम्हा दोघांना वाढत होती. नवव्या दिवशी ती धुणं वाळत घालायला गच्चीवर गेली, तेव्हा दीर स्वयंपाकघराच्या दारात आले. माझ्याकडे न बघता म्हणाले,

"वैनी, तुमच्या जावंला तुमीच सांगा, यंदा उडायचं न्हाय म्हणून. माझ्या तोंडातनं निघंना."