आठव्या दिवशी मी कुठं होतो

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गव्हात कडुनिंबाचा पाला घालणं. वैशाखातली दुपार होती. जयपूरच्या झोटवाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांपुढं ओटा आहे, त्यावर गहू पसरला होता. ती सुपानं पाखडून द्यायची आणि मी पत्र्याच्या कोठीत एक थर गहू, एक थर वाळला पाला असं घालत होतो. ती म्हणाली, पाला कमी घालताय. मी म्हणालो, गहू कडू होईल. ती म्हणाली, इतकी वर्षं खाताय, झालाय का कधी कडू. असलंच बोलणं.

पण त्या दुपारी मी तिला एक गोष्ट सांगितली. ती सांगायची चाळीस वर्षं राहिली होती. आणि दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. तिच्या जाण्याचं दुःख आहेच, ते इथं उगाळत बसणार नाही, लिहून ते कमी होत नाही. पण मनावरचं एक ओझं उतरलं हेही खरं आहे. एक दिवस उशीर केला असता तर ते घेऊनच मला सरणावर जावं लागलं असतं. म्हणून लिहितो आहे. मी चौथी शिकलेला माणूस, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी स्वयंपाकी. सातारा जिल्ह्यातला. आमच्याच भागातले एक साहेब लष्करात होते, त्यांनी मला गावातून उचलला आणि जयपूरला आणला. बंगल्यामागं एक खोली दिली. लग्न झाल्यावर हिलाही तिथं आणली. हिला हिंदीचा गंध नव्हता. सहा महिने ती शेजारच्या धोबिणीशी हातवाऱ्यांवर बोलली, मग तिचीच भाषा अशी काही शिकली की मला शिव्यासुद्धा मारवाडीत पडायला लागल्या. आम्हाला मूलबाळ नव्हतं. रात्रीची भांडी आवरून मी खोलीवर गेलो की ती पायरीवर बसलेली असायची. मी काय काय रांधलं ते तिला सांगायचो आणि ती न चाखताच त्यातल्या चुका काढायची. मला त्याची सवय झाली होती.

चीनच्या लढाईच्या आदल्या वर्षी साहेबांची बदली विलायतेला झाली. तीन वर्षांसाठी. त्यांच्या आई बरोबर जाणार होत्या, आणि आईसाहेबांना माझ्या हातच्या भाकरी-आमटीशिवाय चालत नव्हतं. तेव्हा मी जायचं ठरलं. मला कुणी विचारलं नाही. साहेबांनी सांगितलं, तू येतो आहेस. मी म्हणालो, जी साहेब. बायकोला नेता येत नव्हतं. ती तीन वर्षं गावाकडं, माझ्या आईजवळ राहील असं ठरलं.

मला जायचं नव्हतं. हे आज लिहिताना सोपं वाटतं. तेव्हा कुणापुढं म्हणायची सोय नव्हती. साहेबांनी गावी कळवून टाकलं होतं. थोरल्या भावानं पेढे वाटले. गावातून पत्रं यायला लागली, कुणाला मनगटी घड्याळ, कुणाला दाढीची पाती, गुरुजींना शाईचं पेन, आणि आमच्या पाटलाला तर दुर्बीण. गावातला पहिला माणूस समुद्रापलीकडं निघाला होता. आणि तो माणूस खोलीत पडल्या पडल्या विचार करत होता की तिकडं गाईचं मांस शिजवायला सांगितलं तर काय करायचं, आणि आपण मेलो तर हिला कोण कळवणार. मी भ्यालो होतो. आणि हिला सोडून जायचं नव्हतं. दोन्ही एकदमच होतं, त्यात कुठलं मोठं ते मला सांगता येणार नाही.

ती म्हणाली, जावा. आणि कामाला लागली. पिंजाऱ्याकडं जाऊन माझ्यासाठी एक रजई भरून आणली. जयपूरची रजई म्हणजे वजनाला काही नाही आणि ऊब पोटभर. मसाला कुटला, दोन डबे. मेतकूट केलं. धोबिणीच्या गच्चीवर पापड वाळवले. बाजारातल्या फोटोवाल्याकडं मला घेऊन गेली. त्याच्याकडं एकच कोट होता, तो मला एवढा ढगळ झाला की त्यानं पाठीमागून तो कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी आवळला. फोटोत मी साहेबासारखा दिसतो. पाठीवर सहा चिमटे आहेत हे फक्त आम्हा तिघांना माहीत.

शेवटी राहिली ती देवीची लस. ती टोचल्याशिवाय बोटीवर घेत नसत. साहेबांच्या धांदलीत ते अगदी शेवटी ध्यानात आलं. लोकांना लहानपणीच टोचलेलं असतं. मला नव्हतं, कारण टोचणारा गावात आला की आई मला कणगीत लपवायची. डॉक्टरनं दंडावर टोचलं, एक पिवळं पुस्तक दाखवलं आणि म्हणाला, आठव्या दिवशी दाखवायला ये, फोड नीट उठला असेल तर शिक्का मारतो. त्याच संध्याकाळी साहेबांचा माणूस सगळे कागद घेऊन दिल्लीला जायचा होता. माझं पुस्तक शिक्क्यासकट त्यात जायला हवं होतं. उशीर झाला तर मी राहिलो.

चौथ्या दिवशी दंड सुजला, फोड उठला, ताप चढला. आता हिचा धाकटा भाऊ देवीनं गेलेला. तिनं फोड पाहिला आणि हात जोडले. डॉक्टरनं मुद्दाम आणलाय, हे मी तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, कुणी का आणेना, आल्यात तर खऱ्या. दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले. मला घोंगड्यावर बसवलं. दाढी बंद, अंघोळ बंद, घरात फोडणी बंद. तेवढ्यात धोबीण आली. तिच्या मुलखात माता आली की चूलच पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं गार अन्न खातात. हिनं तेही उचललं. दोन मुलखांच्या देव्या माझ्या एका दंडावर बसल्या, आणि मी स्वयंपाकी माणूस चार दिवस शिळी भाकरी आणि ताक यांवर काढले. बंगल्यावर साहेब हसले, म्हणाले, आठव्या दिवशी तेवढा दवाखान्यात जा म्हणजे झालं.

हिच्या हिशेबानं देवी नऊ दिवस राहते. तोवर माणसानं उंबरा ओलांडायचा नाही. म्हणजे आठवा दिवस तिच्या नेमातच बसत नव्हता. मला वाटलं, सुटलो. ही सोडणारच नाही.

आठव्या दिवशी सकाळी तिनं स्वतः दारातले डहाळे बाजूला केले. माझे धुतलेले कपडे पुढ्यात ठेवले. म्हणाली, “जावा, दावून या. देवीची माफी मी मागते.”

भाऊ त्या देवीनं गेलेली बाई हे बोलत होती. मी निघालो.

दवाखाना रामनिवास बागेच्या पलीकडं. मी बागेपर्यंत गेलो. आत शिरलो. एका झाडाखाली बसलो, शेंगा घेतल्या. तिथं पिंजऱ्यात जनावरं आहेत. एक अस्वल होतं, ते सारखं एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जायचं आणि वळायचं. मी ते दुपारपर्यंत बघत बसलो. दवाखान्याचं फाटक तिथून हाकेवर होतं. पाय उचलला नाही. ऊन कलल्यावर घरी आलो आणि तिला सांगितलं, डॉक्टर नव्हता.

ती बरं म्हणाली. तिनं दार लावलं आणि डहाळे परत होते तसे अडकवले.

संध्याकाळी साहेब स्वतः खोलीपाशी आले. दिल्लीला जाणारा माणूस फाटकाशी उभा होता. पुस्तक कुठं आहे, साहेबांनी विचारलं. डॉक्टर नव्हता हे साहेबांना सांगण्यात अर्थ नव्हता, त्यांनी तिथंच फोन लावला असता. माझ्या तोंडातून निघून गेलं की बायकोनं बाहेर पडू दिलं नाही, देवीचे नऊ दिवस झाले नाहीत म्हणते.

साहेबांनी दाराचे डहाळे पाहिले. मग तिच्याकडं वळले. ती आत कोपऱ्यात उभी होती, सगळं ऐकत.

“अडाणी बाई,” ते म्हणाले. “नवऱ्याचं नशीब उघडत होतं, ते तू बुडवलंस. काय मिळवलंस?”

मी तिच्याकडं बघत होतो. आता ती सांगणार. सांगायला हवंच होतं. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि जमिनीकडं बघून म्हणाली, “चुकलं, साहेब.”

तेवढंच. साहेब निघून गेले. माझ्या जागी दुसरा एक स्वयंपाकी गेला. साहेब चांगले होते, जाताना मला मेसमध्ये लावून गेले. मला केवढं सुटल्यासारखं झालं ते सांगता येत नाही. त्या थंडीत आम्ही ती विलायतेची रजई पांघरली. एकाच माणसापुरती होती, त्यामुळं रोज ओढाताण.

पण त्या सुटकेचं मोल तिनं भरलं. मी नाही. गावात बातमी गेली की बायकोनं देवीपायी नवऱ्याची विलायत बुडवली. माझी आई दोन वर्षं तिच्याशी धड बोलली नाही. भावाचे पेढे वाया गेले होते, तो तर गावच्या जत्रेतसुद्धा चारचौघांत म्हणायचा, ही बघा आमची विलायत अडवणारी. लोक हसायचे. ती वाढत असायची, वाढत राहायची. आमच्या जातीगोतीत कुणाचं काही अडलं की म्हणायची पद्धतच पडली, अमक्याच्या बायकोची देवी आली वाटतं. मी तिथं बसलेला असायचो. मी घास गिळायचो. पुढं मी म्हातारा झालो, आई गेली, साहेब गेले, तरी मी बोललो नाही. आज सांगू, उद्या सांगू. मनात धरून बसलो होतो की तिला दवाखान्याचं खरंच वाटलं असणार, आणि साहेबांचं बोलणं तिनं मोठ्या माणसाचा राग म्हणून गिळलं असणार. आता सांगितलं तर उलट दुखेल. भित्र्या माणसाला कारणं भरपूर सुचतात.

त्या दुपारी ओट्यावर, तिचा हात सुपात होता, पाल्याचा वास आला आणि माझ्यानं राहवलं नाही. मी कोठीत डोकं घातल्या घातल्याच बोललो. वर बघायची हिंमत नव्हती.

“त्या आठव्या दिवशी मी दवाखान्यात गेलोच नव्हतो.”

सूप थांबलं नाही. “ठाव हाय,” ती म्हणाली.

मी डोकं बाहेर काढलं.

“बागेत गेला हुता. सदरा धुताना खिशात शेंगांची टरफलं निघाली. डॉक्टर नसला तर माणूस तासाभरात माघारी येतो. तुमी ऊन कलल्यावर आलात.”

मी विचारलं, मग साहेबांपुढं का नाही बोललीस. मला चांगलाच राग आला होता, कशाचा ते विचारू नका. इतकी वर्षं सगळ्या गावाचं ऐकून घेतलंस, म्हणालो, एकदा तरी मला टाकून बोलायचं.

तिनं गव्हातला खडा काढून लांब फेकला.

“मी जावा म्हणाले खरं, पर दिवसभर दारात बसून देवीला हेच सांगत हुते, न्हाई गेला तर बरं हुईल. तुमी न्हाई गेला. मग बोलणी कुणी तरी खायाचीच हुती. तुमच्यानं खाल्ली गेली नसती. तुमाला तिखट सोसत न्हाई.”

आणि हसली. दात नव्हते, तरी हसली. मीही हसलो. दोन म्हातारी माणसं उन्हात कोठीशी बसून हसतात म्हणून शेजारची सून डोकावून गेली. मग ती म्हणाली, बोलत बसू नका, पाला घाला, उद्या राहिलेलं भरायचं आहे.

अर्धा गहू राहिला होता. तो तसाच चादरीखाली झाकून आम्ही आत आलो. ती रात्री थोडं ताक-भात जेवली, अंग जड वाटतंय म्हणाली आणि झोपली. सकाळी मी हाक मारली. परत मारली. मग हात लावला.

शेजाऱ्यांना उठवलं. बायका आत आल्या. त्यांना तिच्याजवळ बसवून मी कोपऱ्यावरच्या फोनच्या दुकानात गेलो आणि गावाला भावाला फोन लावला. भाऊ आता नव्वदीला आलेला. ऐकू कमी येतं, पण फोन त्यानंच धरला. मी सांगितलं. तो रडक्या आवाजात म्हणाला, “विलायत अडवली, पर बाई गुणाची हुती.”

“दादा,” मी म्हणालो, “तिनं अडवली न्हाई. तिनं मला जा म्हणून सांगितलं हुतं. मीच गेलो न्हाई. मी बागेत बसलो हुतो.”

तो म्हणाला, काय, ऐकू येत न्हाई.

मी परत सांगितलं, मोठ्यानं. दुकानात तीन-चार माणसं उभी होती, त्यांना मराठी कळत नव्हतं, पण सगळी माझ्याकडं बघायला लागली. मी तिसऱ्यांदा सांगितलं. तेव्हा त्याला कळलं. आता कशाला सांगतोस, तो म्हणाला. मी म्हणालो, घरातल्या सगळ्यांना बोलव आणि आत्ताच सांग, दुपारपर्यंत थांबू नकोस. त्यानं सुनेला हाक मारलेली मला ऐकू आली. मग मी फोन ठेवला आणि घरी तिच्याकडं आलो.