दोन सूत जागा

धर्मापुरीचे सुग्रीव अण्णा म्हणजे हट्टाचं गाठोडं. परळीत माझं जुन्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, तऱ्हेतऱ्हेची डोकी रोज येतात. पण फळीवर चाकाच्या हबचं चित्र काढून ती फळी एसटीतून आणून दाखवणारा माणूस हा एकच.

बैलगाडीची चाकं करणं हा त्यांचा बापापासूनचा धंदा. ट्रॅक्टर आले, गाड्या गेल्या, तसे अण्णा दारं-चौकटी करू लागले. गेल्या साली त्यांच्या पत्नी ताराबाई न्हाणीत पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, वॉकर आला आणि शेत सुटलं. शेत ओढ्यापलीकडं. वाटेत मोटारसायकल रुतते आणि ट्रॅक्टरवर चढणं त्या खुब्याला झेपत नाही. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं येळवस असते; अख्खा गाव रानात जाऊन ज्वारीत पूजा करतो, भज्जी-आंबील जेवतो. त्या वर्षी ताराबाई घरी एकट्या बसल्या. "पुढच्या येळवशीला मला रानात न्या," एवढंच म्हणाल्या. त्यांनी आजवर दुसरं काही मागितल्याचं अण्णांना आठवेना.

म्हणून अण्णांनी ही गाडी करायला घेतली. भंगारातल्या मालरिक्षाचं इंजिन, पाइपांचा सांगाडा, खुर्चीच्या उंचीची बैठक. जीपची मोठी चाकं मी दिली, पण ती सांगाड्यावर बसवणारा हब काही मिळेना. मग अण्णांनी तो स्वतःच रचला. बैलगाडीच्या चाकाचा मधला तुंबा करतात तसा आधी बाभळीच्या लाकडात केला आणि लखन लेथवाल्यापुढं ठेवला: असाच लोखंडात उतरव.

लखनचा मला फोन. "शेट, अण्णा बेअरिंगला दोन सूत जागा ठिवा म्हणतेत."

दोन सूत म्हणजे पाव इंच ढिलाई! मी अण्णांवर तोंडसुख घेतलं. ते म्हणाले, "तुमी सामान इका, शेट. चाक आखावर जरा सरकाया लागतंय. न्हाई तर चाकोरीत आडकून आरे मोडतेत. चाळीस वर्सं केलंय मी."

बैलगाडीपुरतं ते सोळा आणे खरं होतं, हीच पंचाईत. लखननं शेवटी त्यांच्या म्हणण्याप्रमाणंच हब उतरवला.

दिवाळीनंतर ताराबाईंना बसवून अण्णा निघाले. ओढ्यात उतरताना पुढचं चाक आडवं झालं, बेअरिंगचे रोलर चिखलात सांडले आणि ताराबाई घसरून खाली. मोडलं-बिडलं काही नाही, देवाची कृपा. चौघांनी बाजेवर घालून घरी आणलं. अण्णांनी गाडीवर ताडपत्री टाकली आणि तिकडं बघायचंही सोडलं.

मला भयंकर राग आला होता. भेटले की सुनवायचं, असं ठरवूनच ठेवलं होतं. पंधरा दिवसांनी ते दुकानात आले, चहाला हात लावला नाही. "शेट, जागा कावून ठिवायची न्हाई, ते मला सांगा."

साठी उलटलेला कारागीर आपल्याच धंद्यातलं विचारत होता. माझा राग कुठल्या कुठं गेला. मी एक बेअरिंग त्यांच्या हातात दिलं. म्हणालो, "बैलगाडीचा भार अख्ख्या आखावर बसतो, अण्णा. इथं तो या बारक्या रोलरांवर. सगळे नीट बसले तर वाटून घेतात. ढील दिली की एकावरच येतो."

अण्णा बराच वेळ ते अंगठ्यानं फिरवत राहिले. मग म्हणाले, "मंग दोन बेअरिंगांतलं अंतर वाढवू की. तुंबा लांब आसला की चाक डुलत न्हाई."

हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नवा हब आधीपेक्षा तीन बोटं लांब झाला. नट चाक अडेपर्यंत आवळायचा, मग एका बोटानं चाक फिरेल इतकाच सोडायचा आणि पिन ठोकायची, हे लखननं दाखवलं. अण्णा आठवडाभर रिकामी गाडी ओढ्यातून नेत-आणत होते. प्रश्न एवढाच होता की ताराबाई बसतील का. विचारायचं धाडस मात्र अण्णांना होईना.

येळवशीला मी मुद्दाम गेलो. गाडी दारात उभी होती, अण्णा फडक्यानं उगाच बैठक पुसत होते. ताराबाई वॉकर टेकत आल्या, वाकल्या आणि पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं. चाळीस वर्षं चाकवाल्याचा संसार केलेली बाई.

"आता न्हाई डुलत," त्या म्हणाल्या. "तवा डुलत हुतं. दारातच दिसलं हुतं मला."

अण्णांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "मंग बसलीस कावून?"

"तुमी माज्यासाठी केलतं. न्हाई कशी म्हणू?" त्यांनी आंबिलीची घागर माझ्याकडं दिली आणि बैठकीवर बसल्या. "चला, ऊन चढाया लागलंय."

अण्णा गाडीत बसले. स्वतःच्या हातानं बसवलेला स्टार्टर त्यांना सापडेना.