त्रासाचं नाव

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी माझं जेवण सुटलं, घराबाहेर पडणं बंद झालं, तेव्हा आई मला नेरूळला एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेली. घरच्यांच्या लेखी मी मुलगी होतो. बोलताना मुलीचं क्रियापद टाळायला मी लहानपणीच शिकलो होतो. ‘मी जाते’ म्हणायला नको म्हणून ‘मला जायचंय’. कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

“कधीपासून असं वाटतंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“कळायला लागल्यापासून. मी मुलगाच होतो.”

आईसमोर मी पहिल्यांदाच ‘होतो’ म्हणालो. तिने चटकन माझ्याकडे बघितलं, पण ती उठून गेली नाही.

आणखी काही भेटींनंतर डॉक्टरांनी निदान सांगितलं, जेंडर डिसफोरिया. आईला जरा हायसंच वाटलं. “आजार हाय तं गोली पन आसंल ना?”

“तुमचं मूल वेडं नाही. मुलगा असून मुलगी म्हणून जगताना जो त्रास होतो, त्या त्रासाचं हे नाव आहे. तो कमी करता येतो. पण मला तुमची मदत लागेल.”

मला मात्र राग आला होता. मी कोण आहे ते डॉक्टरने सांगितल्यावरच खरं ठरणार का? तो राग अजून पुरता गेलेला नाही.

पण त्या शब्दाने आईला बळ दिलं. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळी भावकीच. एके दिवशी चुलती येऊन म्हणाली, “लगीन लावून टाका, सगलं ठीक व्हईल.” मोठ्या जावेला आईने कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. तेव्हा म्हणाली, “डॉक्टरनी सांगितलंय, आसं बोलायचं नाय. त्याला त्रास व्हतो.”

त्याला! मी आतल्या खोलीत ऐकत होतो. कितीतरी दिवसांनी त्या दुपारी मी पोटभर जेवलो.

चुलतीने येणं सोडलं. बाबांनी तर बोलणंच टाकलं. दरम्यान माझे उपचार सुरू झाले, आवाज बदलला, पावणे गावातल्या एका कारखान्यात हिशेबाचं काम मिळालं. तिथे काहीजण मागे हसतात. दोघं-तिघं डबा माझ्यासोबतच खातात.

गेल्या वर्षी मामेभावाची हळद होती. मी मांडवाच्या कडेला घुटमळत उभा होतो. बाबा तेव्हाही माझ्याशी काही बोलले नाहीत. पण पुरुषांच्या पंगतीत त्यांनी शेजारची खुर्ची हाताने अडवून धरली होती. कुणीतरी बसायला आलं, तर म्हणाले, “माझा पोरगा येतोय.”