दादानं निवडलेली बेस गिटार

माझा थोरला भाऊ सोलापुरातल्या एका कापड गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, कामाला होता. वीस वर्षं त्या खडखडाटात उभं राहून त्याचे कान गेले. एकदम नाही. आधी पोरीबाळींचे आवाज गेले, मग दाराची कडी, मग चर्चमधलं पाळकसाहेबांचं प्रवचन. आमच्या मंडळीत खालच्या पट्टीत गाणारा तोच एकटा. सूर चुकायला लागल्यावर त्यानं आपणहून गाणं सोडलं.

मी शाळामास्तर. रविवारी उपासनेत पेटी वाजवायचो. साथीला तबला आणि रेल्वेतल्या एका कारकुनाची साधी गिटार. सत्तरच्या दशकात मोठ्या शहरांतल्या चर्चमध्ये बेस गिटार दिसू लागली, तशी आमच्या मंडळीनंही एक घ्यायची ठरवली. वाजवणार कोण, असं निघालं तेव्हा मी दादाचं नाव सुचवलं. त्या जाड तारांचा आवाज कानापेक्षा अंगाला जास्त कळतो, असं मी ऐकलं होतं.

आम्ही दोघं पुण्याला गेलो. दुकानदारानं दोन गिटारी काढल्या. एक हलकी, सरळ दांड्याची, स्वच्छ बोलणारी. दुसरी चांगलीच वजनदार, आणि तिचा दांडा किंचित वाकलेला. पहिली वाजवून दादानं नकारार्थी मान हलवली. दुसरी मांडीवर घेऊन त्यानं सगळ्यात जाड तार छेडली आणि तसाच बसून राहिला.

"हीच घ्यायची," तो म्हणाला. "छातीत वाजती की रं!"

दुकानदार माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "मास्तर, ही सुरात राहायची नाही. पहिली न्या."

दादाला ते ऐकू गेलं नाही. त्याचा चेहरा इतका उजळलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मी म्हणालो, "हीच बांधा."

पहिले चार-पाच रविवार निभावले. उपासनेआधी मी गिटार सुरात लावून द्यायचो. तो माझ्या पेटीवरच्या बोटांवर डोळे ठेवून वाजवायचा. पण दुसऱ्या गीतापर्यंत तारा उतरायच्या आणि त्याला पत्ता नसायचा. बोटं बघून वाजवायचं म्हणून तो अर्धी मात्रा मागं राहायचा. आपला आवाज पुरत नाही असं वाटून आणखी जोरात वाजवायचा. पुढच्या बाकांवरची माणसं गाताना थांबायला लागली. एका रविवारी पूर्ण गीतभर कुणीच गायलं नाही. दादा डोळे मिटून वाजवत होता.

पाळकसाहेब भले माणूस. ते मला म्हणाले, "तुम्हीच सांगा त्यांना. आमच्याच्यानं होणार नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. अंगणात वहिनी तांदूळ निवडत होती. मी हळू बोललो.

"काय? मोठ्यानं बोल," दादा म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं. त्यानं कानामागं हात धरला. शेवटी मला ओरडावं लागलं, "दादा, तू बेसूर वाजवतोस! मंडळीला गाता येत नाही!"

शेजारची दोन माणसं दारात आली. वहिनीचा सुपावरचा हात थांबला. दादानं आधी त्या माणसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कवापासनं?"

"पहिल्यापासून."

"आन् तू सुरात लावून देत हुतास."

वाकड्या दांड्याचंही सांगून टाकावं असं वाटलं, पण त्यासाठी पुन्हा ओरडावं लागलं असतं. "बरं," म्हणून तो आत गेला. चहा न घेता मी निघालो. वहिनीनं थांब म्हटलं नाही.

गिटार त्यानं तबलजीच्या हाती परत पाठवली. दुसरं कुणी ती वाजवायला तयार झालं नाही. पुढच्या रविवारी दादा आला, मागच्या बाकावर बसला. सगळे उभे राहिले की उभा राहायचा, बसले की बसायचा. असे दोन महिने गेले. मग वहिनी एकटीच यायला लागली. ती माझ्याशी बोलायची, मुलांचं विचारायची. दादा का येत नाही, हे मी तिला कधीच विचारलं नाही.