दुसऱ्या वळणावरचं पाणी

चांदवडच्या बाजूला डोंगरात दगडाची खाण आहे. तिथे माझं काम रस्त्याचं. दगड भरलेले डंपर ज्या कच्च्या रस्त्याने खाली क्रशरवर येतात, त्यावर धूळ उडू नये म्हणून टँकरच्या मागे चालत पाइपने पाणी मारायचं. रस्त्यावर सांडलेले दगड बाजूला टाकायचे. काम मला आवडतं, कारण त्यात बोलावं लागत नाही. बरोबरच्या बायका म्हणतात, हिने तोंडात मिठाची गुळणी धरली आहे.

रस्त्याच्या खालच्या अंगाला, खाणीतून काढलेल्या माती-मुरुमाचा मोठा ढीग आहे. ढिगाच्या पायथ्याशी एका बाईचं शेत आहे. गेल्या पावसाळ्यात ढिगाची माती वाहून आली आणि तिचं कांद्याचं रोप सगळं गाडलं गेलं. ती वर येऊन मुकादमाला म्हणाली, "माती फुकट देता, मग पेरूनबी द्या की!" सगळे हसले. मला हसू आलं नाही. तिच्या नखांत चिखल होता. हाताने उकरून काही जगतंय का, ते ती बघून आली होती.

यंदा तिने पुन्हा बी टाकलं. रोप बोटभर झालं, तशी माझी झोप उडाली. कारण दुसऱ्या वळणावर काय चुकतंय ते मला रोज दिसत होतं. पाणी लवकर निघून जावं म्हणून रस्त्याला बाहेरच्या, ढिगाच्या बाजूला उतार दिला होता. मी मारलेलं पाणी कडेवरून थेट ढिगात उतरायचं. रस्त्यावर चिखल साचायचा नाही, म्हणून सगळे खूश.

माझं माहेर पेठकडचं, डोंगरातलं. तिथे उतारावर नागली लावतात. वडील म्हणायचे, पाण्याला मोकळं सोडायचं नाही, थांबवत थांबवत खाली न्यायचं. हे मुकादमाला सांगायचं मी आठ दिवस ठरवत होते. तो समोर आला की मान खाली जायची.

एका सकाळी मुकादम वळणावरच उभा होता. मी पाइप तिथेच धरून ठेवला, पुढे सरकलेच नाही. टँकरवाला ओरडला, "आक्का, एवढं पाणी? लग्नाचा मांडव घालायचा हाय का हितं?" मी तशीच उभी. पाणी कडेवरून गेलं आणि बघता बघता ढिगात हातभर खोल घळ पडली. माती घरंगळत खाली निघाली.

मुकादम धावत आला. "बाई, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

मी पाइप खाली ठेवला. मी म्हटलं, "साहेब, हे एका पाइपाचं पाणी. पाऊस आल्यावर किती येईल?"

त्याने घळीत पाय घालून खोली बघितली. मग म्हणाला, "मग काय करायचं, सांगा."

मी सांगितलं. रस्त्याचा उतार डोंगराकडे फिरवायचा. त्या बाजूला पक्क्या खडकात चर आहे, ती साफ करून पाणी पुढच्या उतारावरच्या जुन्या खाणीच्या खड्ड्यात न्यायचं. ढिगावर आडव्या दगडांच्या ओळी लावायच्या, मध्ये गवताचे ठोंब. एवढं मी आयुष्यात एका दमात कधी बोलले नव्हते.

जेसीबीवाला कुरकुरला, "आता आक्काच मशीन चालवनार वाटतं!" पण उतार त्याने नीट फिरवला. आम्ही चार बायकांनी चर उपसली आणि ढिगावर तीन ओळी लावल्या.

मग सलग तीन दिवस पाऊस लागला. काम बंद. मी घरात बसून पत्र्यावरचा आवाज ऐकत होते. चौथ्या दिवशी उघडल्याबरोबर गेले. रस्त्याचं पाणी चरीतून खड्ड्यात गेलं होतं. वरच्या दोन ओळी जागच्या जागी होत्या. तिसरी मात्र एका ठिकाणी फुटली होती, आणि गाळाची एक जीभ शेताच्या बांधापर्यंत आली होती. बांधाच्या पलीकडे रोप उभं होतं. हिरवंगार, दाट.

ती बाई बांधावरच बसलेली होती. मला बघून म्हणाली, "तूच ना ती, पाइप धरून उभी राहिलेली? टँकरवाल्यानं सांगितलं मला."

मी मान हलवली.

"थोडं आलं खाली."

"तिसऱ्या ओळीचा पाया उथळ झाला," मी म्हटलं. "आज खोल खणते."

ती उठली. बांधावरच्या मारवेल गवताचे मोठाले ठोंब तिने मुळासकट उपटले, पदरात घेतले आणि ढीग चढायला लागली.

"चल, दाखव कुठं लावायचं ते," ती म्हणाली. "माझ्या बांधावरचं हाय, लवकर धरंल."