मुलीला खेळायला पाठवण्याआधीचा प्रश्न

मंडळी, कंपनी मला अमेरिकेत पाठवतेय. टेक्सास की न्यू जर्सी, उद्या नऊपर्यंत सांगायचंय. फिटरचा इंजिनिअर मी स्वतः पुस्तकं वाचून झालो, तसंच हेही अभ्यास करून ठरवलं. भाडं, शाळा, अंतर, सगळं कागदावर मांडून टेक्सास पक्कं केलं होतं.

आज तिथल्या मित्राच्या घरी फोन केला. वहिनी सहज म्हणाल्या, "भावजी, मुलीला कुणाकडे खेळायला पाठवण्याआधी विचारायचं, घरात बंदूक आहे का, कुलपात असते का."

इथे सिंगापुरात, टॅम्पिनीसला आमच्या मजल्यावर दारं उघडीच असतात. माझी सई कुणाच्या घरात आहे, हेही मी विचारत नाही.

फोन ठेवून तिला हाका मारल्या. "फाइव्ह मिनिट्स लाह, बाबा!" शेजारून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत उत्तर आलं. तरी हाताला धरून घरी आणलं.

न्यू जर्सीवाल्यांनो, तिकडे हा प्रश्न विचारावा लागत नाही ना?