मास्तरांच्या फळीवरची बरणी

नवऱ्याला टोरोंटोपासून दोन तासांवरच्या एका गावात नोकरी लागली, तेव्हा मी ते नकाशात शोधायला बसले. बराच वेळ सापडेना. शेवटी लक्षात आलं, ते माझ्याच बोटाखाली झाकलं गेलं होतं. गाडीचे सुटे भाग बनवणारा एक जपानी कारखाना, चारी बाजूंना मका, एक चर्च, एक गॅस स्टेशन आणि हॉकीची रिंक, एवढंच गाव. कारखान्यातल्या जपानी इंजिनियरांना घरच्यासारखं जेवायला मिळावं म्हणून मुख्य रस्त्यावर एक छोटी जपानी खानावळ निघाली होती. आठ खुर्च्यांचं काउंटर, त्यामागे उभा असलेला साठीचा मालक, आणि त्याच्या पाठीशी भिंतभर फळी. इंजिनियर लोक त्याला 'मास्टर' म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो.

आम्ही दोघं शाकाहारी. नवऱ्याचं म्हणणं, भात तर मिळेल. भात मिळाला, टोफू मिळालं, वांगं तर असं मिळालं की मी नागपूरची असूनही गप्प बसले. सूप मासळीच्या पाण्यात करतात हे आम्हाला महिन्याभराने कळलं. तोवर आम्ही आवडीने दोन-दोन वाट्या प्यायलो होतो. आम्ही मासे खात नाही हे कळल्यावर मास्टरलाच आमच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं आणि पुढच्या वेळेपासून त्याने आमच्यासाठी वेगळं सूप ठेवलं. आधीच्या सुपाची गोष्ट मात्र सासूबाईंना कळू द्यायची नाही, असं आमचं ठरलं.

त्या फळीवर गिऱ्हाइकांच्या बाटल्या असायच्या. नेहमीच्या माणसाने आपली अख्खी बाटली विकत घ्यायची, तिच्या गळ्यात आपल्या नावाची लाकडी पट्टी अडकवायची, आणि येईल तेव्हा त्यातली थोडी प्यायची. जपानात अशी पद्धत आहे म्हणे. कॅनडाच्या नियमात ती बसत होती की नाही, हे आम्ही विचारलं नाही आणि गावातल्या कुणीच विचारलं नाही. दुसऱ्याच्या बाटलीला कुणी हात लावायचा नाही, मालकानेही नाही. जपानला परत गेलेल्या इंजिनियरांच्या बाटल्या वर्षानुवर्षं तशाच होत्या. मास्टर त्यांच्यावरची धूळ पुसायचा.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. मी जे काही रांधीन ते चाखून त्या एकच वाक्य म्हणायच्या, "छान झालंय हं. गूळ किंचित कमी पडलाय." आमटी असो, उसळ असो, माझ्या हातचं भरलं वांगं असो. त्यांचं स्वतःचं कैरीचं लोणचं इतकं गोड असायचं की त्याला मुरंबा का म्हणू नये, असा माझा सवाल होता. तो मी नवऱ्याला विचारायचे आणि तो पेपर वाचायचा.

त्यांना पहिल्यांदा मास्टरकडे नेलं, तेव्हा त्यांनी पर्समधून लोणच्याची काचेची बरणी काढून थेट काउंटरवर ठेवली. कोरड्या भातावर विश्वास नव्हता त्यांचा. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "आई, अहो, बाहेरचं इथे चालत नाही," मी कुजबुजले. मास्टरने बरणी उचलली, वास घेतला, चॉपस्टिकने एक फोड काढून तोंडात टाकली आणि बराच वेळ डोळे मिटून उभा राहिला. मग एक कोरी पट्टी घेऊन तिच्यावर काहीतरी काढलं, ती बरणीला बांधली आणि बरणी फळीवर ठेवून दिली.

"जप्त केलं," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन करून त्यांनी सासऱ्यांना सांगितलं की इथले लोक दिसायला सभ्य आहेत, पण लोणचं काढून घेतात. पुढच्या शनिवारी आम्ही त्यांना ओढूनच नेलं. बसल्या बसल्या मास्टरने दोन्ही हातांनी बरणी आणून त्यांच्यासमोर ठेवली. पट्टीवर आंब्याचं चित्र होतं. नाव लिहिता येईना म्हणून त्याने आंबा काढला होता. आम्ही तिथे दीड वर्ष येत होतो तरी आमची पट्टी नव्हती, आणि या बाईंची आठवड्याभरात झाली. मला हे लागलं, आणि लागलं हे मी त्यांना दिसू दिलं नाही.

मग त्या दर शनिवारी जाऊ लागल्या. त्यांनी मास्टरचं मास्तर करून टाकलं. त्या मराठीत बोलायच्या, तो जपानीत, आणि दोघांचं उत्तम जमायचं. शेजारच्या खुर्चीवर मक्याची शेती करणारा एक आडदांड गोरा शेतकरी असायचा, टीव्हीवर हॉकी नसेल तेव्हाही टीव्हीकडे पाहणारा. एकदा सासूबाई आल्या नसताना त्याने ती बरणी चाखायला मागितली. मास्टर म्हणाला, "नॉट युवर बॉटल." शेतकऱ्याने विषय सोडला, पण बरणीवरचा डोळा सोडला नाही.

त्या परत जायच्या आधी, हिवाळ्याच्या तोंडावर, गावातला एक म्हातारा रिटायर्ड पोस्टमास्तर वारला. त्याची अर्धी व्हिस्की फळीवर होती. मास्टरने ती खाली उतरवली आणि त्या संध्याकाळी काउंटरवर जे होते त्यांच्यात वाटून संपवली. माणूस गेला की त्याची बाटली एका बैठकीत संपवायची, मागे ठेवायची नाही, घरीही न्यायची नाही, असा नियम. आम्ही चहाचे कप उचलले. सासूबाईंनी मात्र तळहात पुढे केला, तीर्थासारखे चार थेंब घेतले, प्यायल्या आणि हात डोक्यावरून फिरवला.

"चांगलं आहे यांचं," परतताना त्या म्हणाल्या. "आपल्याकडे तेरा दिवस लागतात."

त्या परत गेल्या, पण दरवर्षी कुणा ना कुणाबरोबर लोणचं येत राहिलं आणि त्यातलं थोडं फळीवरच्या बरणीत जात राहिलं. मग नवऱ्याला टोरोंटोजवळ मिसिसागाला नोकरी मिळाली आणि आम्ही कॉन्डोत राहायला आलो. निघताना बरणी अर्धी होती. घरी न्यायची आम्हाला सुचलंच नाही.

दोन वर्षांनी, जानेवारीत, सासूबाई गेल्या. नवरा पुण्याला जाऊन आला. आदल्या उन्हाळ्यात हात दुखत होते म्हणून त्यांनी लोणचं घातलं नव्हतं. पुण्याच्या घरात एक फोड शिल्लक नव्हती आणि आमच्याकडची बरणी कधीच रिकामी झाली होती. शेवटची होती हे माहीत नसल्यामुळे तो दोन महिन्यांत खाऊन मोकळा झाला होता. एके दिवशी वरणभात कालवता कालवता त्याचा हात थांबला.

"मास्टरकडे आहे," तो म्हणाला.

बर्फ पडत होतं, विंटर टायर होते, निघालो. वाटेत ओकव्हिल मागे पडल्यावर माझ्या डोक्यात आलं ते मी बोलून टाकलं. मास्टरला आई गेल्याचं कळलं तर तो नियमाप्रमाणे बरणी आजच संपवेल, तीही त्या शेतकऱ्यासकट. तेव्हा सांगायचंच नाही. आई मजेत आहेत म्हणायचं, बरणी मागायची, निघायचं. नवऱ्याने मान हलवली. तो घरी रोज एक-एक फोड खाऊन ती वर्षभर पुरवणार होता.

खानावळ तीच, मास्टर थोडा वाकलेला. शेतकरी त्याच खुर्चीवर. आणि फळीवर, कोपऱ्यात, पुसून लख्ख ठेवलेली आमची बरणी, लोणचं आम्ही सोडलं होतं तेवढंच. मास्टरने न मागता ती समोर आणली, आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या मागे दाराकडे पाहिलं.

"मदर?" त्याने विचारलं. "नो कम टुडे?"

मी वाक्य तयार ठेवलं होतं. नवऱ्याने तोंड उघडलं, बरणीकडे पाहिलं, आणि त्याला खोटं बोलता आलं नाही.

"शी पास्ड अवे," तो म्हणाला. "लास्ट मंथ."

मास्टर बरणीसमोर वाकला, चांगला कमरेतून. मग त्याने झाकण काढलं. मी नवऱ्याच्या हाताला धरलं, म्हटलं, अरे, थांबव त्याला. तो म्हणाला, "राहू दे. आईला आवडलं होतं हे." काउंटरवर आम्ही धरून सहा माणसं होतो. गरम भाताच्या सहा वाट्या आल्या, प्रत्येकीवर फोडी वाटल्या गेल्या. शेतकऱ्याने टोपी काढून ठेवली आणि पहिला घास घेतला. इतकी वर्षं वाट पाहायला लावली या बाईने, एवढंच तो म्हणाला आणि वाटीत तोंड खुपसून जेवला. नवरा रडत रडत जेवत होता. मी शेवटचा खार बोटाने पुसून घेतला. गोडच होता. मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते.

मास्टरने बरणी धुतली, पुसली, तिच्या गळ्यात आंब्याची पट्टी पुन्हा अडकवली आणि रिकामी बरणी फळीवर तिच्या जागी ठेवली. मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "नेक्स्ट, यू."

एप्रिलमध्ये मिसिसागातल्या इंडियन ग्रोसरीत कैऱ्या आल्या. मी आमच्या नागपूरच्या पद्धतीने मोहरी-तिखट काढून बसले आणि तशीच बराच वेळ बसून राहिले. नवरा स्वयंपाकघराकडे फिरकला नाही, ही त्याची अक्कल. शेवटी गूळ किसला. घातला, चाखलं, अजून घातला.

लोणचं मुरल्यावर आम्ही ते घेऊन गेलो. मास्टरने एक फोड काढली आणि पहिल्यासारखाच डोळे मिटून उभा राहिला. माझं लक्ष त्याच्या तोंडाकडे.

"गुड," तो म्हणाला. "बट मदर, लिटल मोअर स्वीट."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगळं प्रेमाचंच होतं असं लिहिलं तर सासूबाईंना पटणार नाही. थोडा रागही होता.